मुक्काम पोस्ट अमेरिका

शेंगा सोलत गप्पा मारताना टरफलांकडे कुणाचं लक्ष नसतं. उठायची वेळ झाली की दिसतं, अरे, केवढा हा ढीग! मुबीनच्या घरातल्या कुस्त्यांचे किस्से असेच साठले. मी तिथे फारसं बोलत नाही. त्यामुळे टरफलं माझ्याकडे जरा जास्तच जमली आहेत.

मे महिन्यात सोलापुरात अकरा ते पाच कुणी शहाणा माणूस बाहेर पडत नाही. आम्ही चौघं शेजारच्या मुबीनच्या बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसतो. मुबीन, माझा चुलत भाऊ बसू, मागच्या गल्लीतला वेणू आणि मी. मुबीनला त्याच्या मामूंनी कुस्तीचा व्हिडिओ गेम दिलाय. त्यात पैलवान दोन प्रकारचे. टीव्हीवर दिसतात ते, गेममध्ये आधीपासूनच असलेले, त्यांना आम्ही 'खरे' म्हणतो. दुसरे, नाक, डोळे, कपडे निवडून आपण तयार करायचे, ते 'बनवलेले'. बसू आणि मुबीन खऱ्यांच्या बाजूचे. वेणू बनवलेल्यांच्या. मी कूलरच्या.

मुबीनच्या अम्मींची, म्हणजे आमच्या शबाना खालांची, अट एकच. चपला उंबऱ्याबाहेर! बसू एकदा विसरला, तर खालांनी ती चप्पल कुंपणावरून आमच्या अंगणात भिरकावली. बसूच्या आधी त्याची चप्पल घरी पोचली!

*

बसूचं आजोळ अकलूजकडचं. तिथल्या जत्रेत त्यानं कुस्तीचं मैदान बघितलेलं. तिथे लाउडस्पीकरवर पैलवानाचं नाव, गाव आणि वस्ताद पुकारतात. वस्ताद म्हणजे त्याला शिकवणारा. बसूनं आल्या आल्या नियम केला, "इथंपण पुकारायचं. आपापल्या पैलवानाला आपणच. उभं राहून, मोठ्यानं. पुकारलं नाही तर कुस्ती नाही!"

पहिला नंबर मुबीनचा. त्यानं सोनेरी केसांचा एक धिप्पाड खरा पैलवान निवडला, उभा राहिला, नाव पुकारलं आणि थांबला.

"गाव?" बसू.

"अमेरिका."

"पूर्ण पत्ता पायजे!"

मुबीननं छाती फुगवली. "मुक्काम पोस्ट अमेरिका, तालुका अमेरिका, जिल्हा अमेरिका!"

"आणि वस्ताद?"

"वस्तादबी तिकडचेच हैं ना रे!"

त्या दिवसापासून त्या पैलवानाचं नाव 'अमेरिका' पडलं. सबंध मे महिन्यात तो एकदाही हरला नाही.

*

वेणूच्या घरी टॉवेलचे माग आहेत. त्यानं पहिला पैलवान बनवला तो स्वतःच्या वडलांसारखा. मिशी जमली, पोट जमलं, पण खांद्यावरचा टॉवेल काही सापडेना. "टॉवेल नाही तर ते वडील कसले?" म्हणून दोन दुपारी त्यानं गेममधली कपड्यांची यादी धुंडाळली. शेवटी एक पांढरा झगा मिळाला, तो पाठीवर टाकला.

संध्याकाळी त्याला बोलवायला खुद्द वडीलच आले. आम्ही श्वास रोखून बघत होतो, ओळखतात का! त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले, नीट पाहिलं.

"ह्या टॉवेलला किनार कुठाय?" म्हणाले. "असला माल कोण घेणार? चल जेवायला."

*

दुसऱ्या दिवशी मुबीनच्या अमेरिकेनं त्याच वडलांना उचलून टेबलावर आपटलं. टेबलाचे दोन तुकडे! वेणू ताडकन उठला. "माझ्या वडलांना टेबलावर आपटतोस?"

"बनवलेले हैं यार."

"बनवले मी, पण वडील माझेच ना?"

तासभर भांडण चाललं. शेवटी बसूनं निवाडा दिला, "वडलांना साधे डाव लावायचे. टेबल नाही, खुर्ची नाही, शिडी नाही." सगळ्यांनी मान्य केलं.

आयांचा विषय तेव्हा निघालाच नाही.

*

खरे भारी की बनवलेले, हा वाद मिटेना. तेवढ्यात बसूचे मामा आले. ते तालमीत वाढलेले, कान मोडलेला. बसूला वाटलं, मामा आपल्याच बाजूनं बोलणार.

मामांनी पाच मिनिटं कुस्ती बघितली. कपाळाला आठी. "दोघंबी खोटे."

"असं कसं मामा?"

"पायात बूट हायेत की! बूट घालून कुणी कुस्ती खेळतंय व्हय? लई बेकार!"

बसूच्या मनाला ते लागलं. मामा गेल्यावर तो अमेरिकेचे बूट काढायला बसला. सगळी बटणं दाबून झाली. मग शोध लागला, की खऱ्यांचं काहीच बदलता येत नाही. बूट निघतात ते फक्त बनवलेल्यांचे! त्या दुपारी बसू हळूच माझ्याजवळ सरकला. "ए, मला एक अनवाणी बनवून दे ना. मुबीनला सांगू नको."

*

बनवायचं काम माझ्याकडे का आलं? गप्प बसणाऱ्याला बघायला वेळ मिळतो. कुणाची भुवई वर जाते, कोण चालताना एक खांदा पाडतं, हे माझ्या लक्षात राहतं.

एकदा मी आमच्या शाळेचे पी.टी.चे सर बनवले. कुणाला सांगितलं नाही, नुसतं त्यांना रिंगकडे चालत सोडलं. वेणूच्या तोंडातला चिवडा तोंडातच राहिला. बसू ताठ बसला. मुबीननं तर मांडीवरचा पाय खाली घेतला!

पण बनवणं वेगळं आणि खेळणं वेगळं. खेळायचं तर उभं राहून पुकारायला हवं. एकदा मी उभी राहिले. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पंख्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, पुन्हा बसले.

बसू म्हणाला, "पैलवान तयार, पण लाउडस्पीकर बिघडलाय!"

वेणूला कणव आली. "मी पुकारतो हिच्यासाठी."

"नियम म्हणजे नियम," बसू म्हणाला.

घरी आरशासमोर सराव केला. आमच्या घरी निम्मं कन्नड चालतं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "यार जोडी माताडाकत्ती?" कुणाशी बोलतेस गं?

"कुणाशी नाही," मी म्हणाले. ते मात्र मोठ्यानं आलं.

*

सोमवारी शाळा सुरू होणार होती. रविवारी संध्याकाळी गेम कपाटात, आणि किल्ली दिवाळीपर्यंत खालांच्या कमरेला. म्हणजे आज नाही पुकारलं, तर दिवाळीपर्यंत मी कूलरच्याच बाजूची.

मुबीननं सगळ्यांना हरवलं होतं. वेणूचे वडील साध्या डावांवर पडले. बसूचा अनवाणी पैलवान पळता पळता पडला. अमेरिका रिंगमध्ये हात वर करून फिरत होता.

"अजून कोण है क्या?" मुबीननं विचारलं. माझ्याकडे बघून नाही, असंच, छताकडे बघून.

मी उभी राहिले. तीन दुपारी मी एक पैलवान बनवला होता, कुणाला न दाखवता. खिडकीचा पडदा घट्ट धरला.

"शबाना खाला," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं!" बसू.

"शबाना खाला! मुक्काम पोस्ट आतलं स्वयंपाकघर! वस्ताद... त्यांना वस्ताद लागत नाही!"

माझा एवढा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

स्क्रीनवर त्या आल्या. हिरवा कुडता, कमरेला बांधलेली ओढणी, अनवाणी. हात वर केले नाहीत, शड्डू ठोकला नाही. रिंगमध्ये शिरून आधी चारी कोपरे बघितले, हा पसारा कुणी केला असं. मग एक हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

घंटा वाजली. अमेरिका जागचा हलेना.

"अरे मार की!" बसू ओरडला.

"अम्मी है यार," मुबीन म्हणाला.

"बनवलेली आहे!"

"हाँ, लेकिन अम्मी है."

एवढ्यात दारात खऱ्या खाला. हात कणकेचे, एक कमरेवर. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा स्क्रीनकडे. मी पडदा इतका ओढला होता की वरची एक कडी निसटली.

"मुबीन," त्या शांतपणे म्हणाल्या, "वो जूते पैन के कौन अंदर आया?"

मुबीननं स्क्रीनवरच्या अमेरिकेच्या पायांकडे बघितलं.

"उसकू बोल, पैले जूते उतार के आना."

मुबीननं एक बटण दाबलं. महिनाभर न हरलेला अमेरिका मान खाली घालून दोरांखालून बाहेर पडला आणि रिंगच्या कडेला उभा राहिला. पंच आकडे मोजू लागला, दहापर्यंत आत आला नाही तर हरला. एक. दोन. तीन. खाला कमरेवर हात ठेवून बघत होत्या. दोघीही.

दहा झाले, तरी तो आत आला नाही.