बापूचं जर्मन पिस्तूल आणि शिमग्याचा बार

माणसाकडे एखादी नवी वस्तू आली की सुरुवातीला ती वस्तू कमी वापरली जाते आणि तिचे किस्सेच जास्त वापरले जातात. बापूच्या पिस्तुलाचं तसंच झालं. त्यातून गोळ्या अगदी मोजक्या उडाल्या. किस्से मात्र इतके साठले की आम्ही महाडला डॉक्टरांच्या दवाखान्यात जमलो, की कुणीतरी हमखास म्हणतं, "वकील, तो जर्मनाचा सांगा!"

वकील म्हणजे मी. महाडच्या कोर्टात माझी वकिली बऱ्यापैकी चालते. डॉक्टर आमच्या वर्गातले, बापूही आमच्याच वर्गातला. पण बापूने इंग्रजी शाळा अर्ध्यात सोडली आणि पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात घरची शेती धरली. जमीन चांगली, माणूस त्याहून चांगला, आणि मानाच्या बाबतीत अगदी हळवा.

हा मान म्हणजे काय, ते आधी सांगतो. त्यांच्या गावात शिमग्याला देवाची पालखी देवळातून बाहेर निघते, ती बंदुकीचा बार झाल्यावरच. बाराशिवाय भोई पालखीला हात लावत नाहीत. आणि हा बार काढायचा मान पिढ्यान् पिढ्या बापूच्या घराचा. एका शिमग्याला घरातली जुनी ठासणीची बंदूक नळीतच फुटली. बापू थोडक्यात वाचला. पण त्याचा चुलतभाऊ रघुनाथदादा, वयाने मोठा पण घराण्याच्या धाकट्या पातीचा, चारचौघांत म्हणाला, "बंदूक गेली, आता मानही गेला. माझी बंदूक धड हाय, पुढल्या साली बार मी काढीन."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. दादाने बापूच्या अंगणात पाऊल टाकायचं सोडलं. आणि बापूने ठरवलं की असं हत्यार आणायचं, जे देवासमोर दगा देणार नाही. बसऱ्याच्या लढाईवरून आलेल्या एका पेन्शनर हवालदाराने त्याला सांगितलं होतं, "जर्मन पिस्तूल घे. ठासायची भानगड नाय. बोट लावलं की बार!"

*

लायसनसाठी कलेक्टरसाहेबापुढे उभं राहायचं होतं. साहेबाचा मुक्काम महाडला होता. मी बापूला आदल्या दिवशी पढवून ठेवलं, "कारण विचारलं तर रानडुकरं सांग. देवाचं नाव काढू नकोस."

साहेबाने इंग्रजीत कारण विचारलं, मी ते बापूला मराठीत सांगितलं, आणि बापू छाती काढून म्हणाला, "देवाला सलामी द्यायची हाय."

मी साहेबाकडे वळून इंग्रजीत म्हणालो, "रानडुकरांचा फार उपद्रव आहे, सर."

साहेब हसला. मग चक्क मराठीत म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचा देव फार नासधूस करतो वाटतं!"

मला घाम फुटला. साहेबाने बापूलाच विचारलं, "एका देवाला दहा गोळ्यांचं पिस्तूल कशाला?"

बापू म्हणाला, "साहेब, तुमच्या राजाला एकवीस बार लागतात. आमचा देव तिनावर खूश हाय. बाकीचे डुकरांना."

लायसन मिळालं. बाहेर आल्यावर बापू मला म्हणतो, "बघ, तुझीपण डुकरं घातली मधी!"

*

पिस्तूल आणायला आम्ही दोघं दासगावहून निघालो आणि पुढे स्टीमरने मुंबईला गेलो. दुकानदार पारशी, पांढऱ्या भुवयांचा. लढाई संपल्यावर सरकारने काढून टाकलेली हत्यारं त्याने कपाटात ओळीने लावली होती. त्यातलं एक त्याने काढलं. लांब नळी, गोल मूठ, आणि लाकडी म्यान. ते म्यान मागे जोडलं की पिस्तुलाची बंदूक होते! बापूचे डोळे लकाकले.

पण घेताना माणूस परत शेतकरी झाला. बैल घेताना बघतात तसं त्याने पिस्तूल चारी बाजूंनी बघितलं, खालून बघितलं, वास घेतला.

"ह्याचा आधीचा मालक कोण?"

"जर्मन ऑफिसर होते."

बापूने पिस्तूल खाली ठेवलं. "म्हंजे हरलेल्याचं हत्यार? देवापुढं हरलेलं हत्यार न्यायचं?"

म्हातारा पारशी जराही चिडला नाही. पिस्तूल रुमालाने पुसत म्हणाला, "अरे बाबा, लढाई कैसर हारला. या पिस्तुलला कोणी विचारला पण नव्हता!"

बापूला हे इतकं पटलं की परतीच्या स्टीमरवर प्रत्येक ओळखीच्या माणसाला त्याने हे वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवलं.

*

पहिला बार सावित्रीच्या वाळूत काढून बघायचं ठरलं. दगडावर एक मडकं ठेवलं. बापू पुढे, मी मागे, आणि "मी आहे, घाबरायचं कारण नाही" असं म्हणत डॉक्टर बापूच्या खांद्याला खांदा लावून.

बापूने बोट लावलं. बार झाला, पण धुराचा पत्ता नाही, आणि मडकं जागच्या जागी. डॉक्टर मात्र मान धरून खाली बसले!

"बापू, मला लागली! मानेतून आत गेली आहे. जळतंय. फुप्फुसापर्यंत गेली असणार. घरी सांगा..."

बापूने डॉक्टरांच्या कोटाच्या गळ्यात हात घातला आणि चिमटीत धरून पितळेची रिकामी पुंगळी बाहेर काढली. या पिस्तुलातून बार झाला की रिकामी पुंगळी आपोआप वर उडते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तापलेली पुंगळी थेट डॉक्टरांच्या कॉलरमध्ये!

"डागदर, ही घे तुझी गोळी," बापू म्हणाला.

मी म्हणालो, "पण डॉक्टर, फुप्फुसापर्यंत गेली हे कसं कळलं?"

डॉक्टर वाळू झटकत म्हणाले, "मी तेव्हा पेशंट होतो, डॉक्टर नव्हतो!"

*

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा. बापूच्या घरी पाटावर कोयते, कुऱ्हाड, विळे मांडलेले आणि मधोमध जर्मन. आमच्या वहिनींनी, म्हणजे बापूच्या बायकोने, मनापासून पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, काही कमी नाही.

आठवड्याने बापू दवाखान्यात आला, पिस्तूल पंचात गुंडाळून. "डागदर, ह्याचं तोंड मिटत नाय. आणि आतून मुंग्या येतात."

डॉक्टरांनी ते टेबलावर आडवं ठेवलं, दिव्याखाली घेतलं आणि चिमट्याने एकेक जिन्नस बाहेर काढायला सुरुवात केली. कुंकवाचा गोळा, तांदूळ, झेंडूची पाकळी. शेवटी आला गूळखोबऱ्याचा चांगला मोठा खडा!

झालं होतं ते असं. हे पिस्तूल रिकामं असलं की त्याचा वरचा खटका मागे सरकून राहतो आणि आत पोकळी दिसते. बापूने रिकामं करूनच पाटावर ठेवलं होतं. बापूने घरी जाऊन विचारलं, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ते तोंड उघडून बसलं होतं. नैवेद्य दाखवायचा आणि भरवायचा नाय? उपाशी ठेवू सणाचा?"

*

गूळ निघाला, पण चिकटपणा राहिला. म्हणून बापूने पिस्तूल खोबरेलात न्हाऊ घातलं. प्रत्येक फटीत तेल. इतकं मऊ चालायला लागलं की तो दिवसभर खटके वाजवत बसायचा.

पौषात वालाच्या शेतात डुक्कर शिरलं. पहाटेची वेळ, पोलादपूरकडची थंडी. बापू बांधावर दबा धरून बसला. डुक्कर समोर आलं. बापूने नेम धरला, बोट दाबलं. आणि पिस्तुलाची हातोडी सावकाश, अगदी मान डोलवत खाली आली. "टुप!" एवढाच आवाज. आतलं खोबरेल पार थिजलं होतं!

बापू सांगतो, डुकराने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि परत वाल खायला लागलं.

डॉक्टरांनी सल्ला दिला, "पहाटे जाताना थर्मामीटरसारखं बगलेत धरत जा." पण वहिनींचा सल्ला जास्त सोपा होता. "आधी चुलीशी बसून ते शेकवा, मग डुकराला बोलवा!"

*

याच दिवसांत फौजदार तपासणीला आले. जर्मन पिस्तूल खोऱ्यात आल्याची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. ओसरीवर ऐटीत बसले, "आम्हाला सगळ्या हत्यारांची माहिती असते," म्हणाले आणि तो वरचा खटका मागे ओढून आत अंगठा घातला. खटका जो पुढे आला, तो अंगठ्यासकट!

"बापूराव, सोडवा! सोडवा लवकर!"

बापू जागचा हलला नाही. "साहेब, बळजोरी करू नका. लायसन माझ्या नावाचं हाय, पण बोट तुमचं हाय."

*

एवढं सगळं ज्याच्यासाठी, तो शिमगा आला. पिस्तूल पुसून लख्ख, तेल मोजकं, नैवेद्य लांबून. डॉक्टर आणि मी मुद्दाम महाडहून गेलो होतो. देवळापुढे सगळं गाव. एका बाजूला दादा हाताची घडी घालून उभा.

आता त्यांच्या रिवाजाची एक गंमत आहे. पहिला बार झाला की पालखी निघायची. दुसऱ्या बाराला पालखी नाचायची. तिसऱ्या बाराला होळी पेटायची. ठासणीची बंदूक परत भरायला वेळ लागायचा, तेवढ्यात माणसं गाणी म्हणायची, पानसुपारी खायची, पोरी फुगड्या घालायच्या. सगळा सण त्या ठासण्याच्या वेळात बसवलेला!

बापूने डोंगराकडे तोंड करून हात वर केला. बोट लावलं. बार! काय आवाज झाला! आणि बापू इतका खुलला की बोट उचलायचं भानच राहिलं नाही. पुन्हा बोट दाबलं, पुन्हा बार! आणि वर तिसरा!

भोयांनी पालखी उचलली, उचलताक्षणी नाचवायला सुरुवात केली, आणि होळीजवळ पलिता घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने होळी पेटवून दिली. फुगडीला उभ्या राहिलेल्या पोरी तशाच हात धरून उभ्या. गुरव कपाळाला हात लावून म्हणाला, "बापू, देवाला निदान जोडे तरी घालू द्यायचे!"

सगळे हसले. पण रात्रभर सण करायला आलेलं गाव जेवणाच्या आत मोकळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी गावकी बसली. दादा बोलला, बाकीच्यांनी मान डोलावली. पुढल्या सालापासून बार दादाचा, आणि तोही एकच; नाच आणि होळी ढोलावर.

घरी येऊन बापूने पिस्तूल म्यानात घातलं आणि खुंटीला लावलं. मला फार वाईट वाटलं.

*

पुढल्या शिमग्याला आम्ही परत गेलो. बापू नको म्हणत होता, पण देवळात तर जायलाच हवं. त्याने खांद्यावर उपरणं घेतलं आणि पिस्तूलही कमरेला लावलं. "लायसनचं हत्यार घरात सोडून जायचं नाय," म्हणाला. दादाच्या बरोब्बर मागे आम्ही तिघं उभे राहिलो. गर्दीत जागाच तेवढी होती.

ढोल थांबले. दादाने बंदूक वर केली. नवं धोतर, नवा फेटा, चेहरा कडक. घोडा पडला. टिक. बार नाही.

दादाने घोड्याखालची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बदलली. परत टिक.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. केप बोटातून खाली पडली, ती उचलताना फेटा सुटला. भोई एकमेकांकडे बघायला लागले. दादाने तिसरी केप बसवली. त्याच्या मानेवर घामाची धार मला स्पष्ट दिसत होती. त्याने डोळे मिटले, बंदूक वर केली आणि घोडा ओढला.

बार झाला!

एकच. मोठा, खणखणीत. दरीतून त्याचा आवाज फिरून परत आला.

"उचला!" गुरव ओरडला. पालखी उठली, ढोल सुटले, गुलाल उडाला. ठासणीच्या बाराला एरवी धुराने अख्खं देऊळ भरतं. त्या दिवशी दादाच्या नळीवर धुराचा मागमूस नव्हता. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "धूर कुठे गेला हो?"

बापू उपरणं नीट करत होता. म्हणाला, "डागदर, देवाकडं बघ."

सकाळी आम्ही बापूच्या ओसरीवर बसलो होतो. दादा आला. खांद्यावर बंदूक. अंगणात पाऊल टाकताना जरा थबकला, मग सरळ पायरीपाशी आला. बंदूक टेकवली, ठासायच्या गजाने नळीतला चिंधीचा बोळा ओढून काढला आणि नळी उलटी करून पायरीच्या दगडावर ठोकली. काळी दारू भुरभुर दगडावर पडली. सगळीच्या सगळी, कोरडीठाक, जशी ठासली होती तशी.

मग दादा बंदूक भिंतीला टेकवून पायरीवर बसला.

"बापू, कालची पोळी उरलीय काय रे?"

बापूने आत हाक मारली, "अगो, दादा आलाय. दूध तापव."

आतून आवाज आला, "कवाचं तापवलंय."