सिस्टिममध्ये बदललेला पंप

गेल्या गुरुवारी सकाळी सहा वाजता, येरवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीचा स्टार्टर घर्र घर्र फिरत राहिला आणि इंजिन काही केल्या सुरू होईना. मागच्या सीटवर हे बसले होते... मांडीवर डायलिसिसची फाईल.

ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, हडपसरला, सातची वेळ. मशीन कोणासाठी थांबत नाही. दोन कॅबवाल्यांनी "आलोच" म्हणून रद्द केलं. तिसरा आला तो मुंढव्यात आयटीवाल्यांच्या रांगेत अडकला. पोहोचलो तेव्हा ह्यांच्या मशीनवर दुसरेच गृहस्थ झोपले होते. उद्या दुपारी या, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या.

दुपारपर्यंत थांबणं झालंच नाही. शुक्रवारी सकाळी ह्यांना श्वास घेता येईना. फुप्फुसांत पाणी भरलं होतं... ॲम्ब्युलन्स, मग तीन दिवस आयसीयू.

त्या तीन दिवसांत जो भेटायला येई तो गाडीची चौकशी करी आणि "बॅटरी बदला" असं सांगून जाई. ज्यांनी जन्मात बॉनेट उघडलेलं नाही, त्यांचा आवाज सर्वांत ठाम. तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाड मात्र एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत. शनिवारी मी अंघोळीपुरती घरी आले, तर ते गाडीपाशी माझी वाट बघत उभे.

"ताई, स्टार्टर एवढा जोरात फिरतोय, बॅटरीला कशाला नावं ठेवता? चावी अर्धीच फिरवा आणि गप्प बसा." हे दुसरं मला सहसा कोणी सांगत नाही. मी गप्प बसले. त्यांनी मागच्या सीटला कान लावला.

"इथून दोन सेकंद घूं असा आवाज यायला पाहिजे. खाली पेट्रोलचा पंप असतो. तो मेलाय." मग त्यांनी फ्यूज बघितले, पंपापर्यंत वीज येते का ते बघितलं... सगळं ठीक. निघताना म्हणाले, या मॉडेलचे पंप खराब निघाले म्हणून कंपनी फुकट बदलून देते, वेबसाइटवर गाडीचा चॅसिस नंबर टाकून बघा.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मी चॅसिस नंबर टाकला. उत्तर आलं: रिकॉल लागू, काम पूर्ण. म्हणजे फुकटचा पंप आधीच बसवून झालेला. तारीख गेल्या उन्हाळ्यातल्या सर्व्हिसिंगची.

सोमवारी गाडी ओढून सोलापूर रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये पंप बदललेला दाखवतंय. आपण आधी बॅटरी बदलून बघू."

मी म्हटलं, सिस्टिम हडपसरला जात नाही, माझा नवरा जातो.

मग त्याने जॉब कार्ड काढलं. पंप बदलला, खाली माझी सही. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांच्या फायली "वाचून सही करा" असा शेरा मारून परत पाठवणाऱ्या बाईची सही. तेवढ्याने भागेना म्हणून त्याने कॉम्प्युटरवर एक रेकॉर्डिंग लावलं. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांनी आलेला फोन. सगळी कामं झाली का, असं एक मुलगी विचारते... आणि माझाच आवाज, कॉन्व्हेंटमधल्या स्वच्छ इंग्रजीत: येस, एव्हरीथिंग. टेन आउट ऑफ टेन.

मला आठवलं. गाडी ताब्यात देताना तिथला ॲडव्हायझर, चाळिशीचा गृहस्थ, हात जोडून म्हणाला होता, "मॅडम, फोन येईल. प्लीज दहाच द्या. नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात." मला कीव आली. ह्यांना आणायला जायची घाईही होती. मी न वाचता सही केली आणि दोन दिवसांनी विचार न करता दहा दिले.

तो ॲडव्हायझर तिथेच उभा होता. जमिनीकडे बघत.

मी मॅनेजरला म्हटलं, मागची सीट उचला. तो म्हणाला, त्याची गरज नाही. मी म्हटलं, मग मी उचलते... आणि गाडीत शिरले. शेवटी त्यांच्या मेकॅनिकने उचलली.

खाली पंपाचं झाकण. त्यावर इतक्या वर्षांची धूळ की बोटाने नाव लिहावं. स्क्रूंच्या खाचासुद्धा भरलेल्या. त्या झाकणाला कारखान्यानंतर कोणाचा हात लागलेला नव्हता.

मग ॲडव्हायझर हळूच म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी पंप शिल्लक नव्हते. महिन्याचं टार्गेट होतं. आल्यावर बोलावून बसवणार होतो... राहून गेलं."

राहून गेलं. दोन शब्द.

संध्याकाळपर्यंत नवा पंप बसला, जुना माझ्या हातात दिला. लेखी तक्रार मी तिथेच टेबलावर बसून लिहिली, कंपनीला पाठवली, पोच घेतली. तुमच्या गाड्यांचे चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. "काम पूर्ण" दिसलं तर काय बदललं ते डोळ्यांनी बघून घ्या.

हे काल घरी आले. आधी काठीवर चालायचे, आता वॉकर लागतो, आणि डॉक्टर म्हणतात हृदयावर जो ताण आला तो आलाच. मी गायकवाडांचे आभार मानायला गेले तर ते म्हणाले, "ताई, तुमची काही चूक नव्हती." त्यांना मी रेकॉर्डिंगचं सांगितलं नव्हतं.

ह्यांनाही नाही. दोष सगळा त्या लोकांचा, असंच हे धरून चाललेत. आज चारच्या चहाला सांगणार आहे. आधी इथे लिहिलं, म्हणजे तोवर माझा धीर सुटायला नको.