गडावरची गवळण

माझ्या सासूबाई वैजयंती बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर एक्स-रे काढत होत्या. त्याबद्दल त्या अवाक्षर बोलत नाहीत. बोलतात ते किल्ल्याबद्दल. दर दिवाळीला आमच्या मागच्या गार्डनमध्ये त्या मातीचा किल्ला करतात. इथल्या थंडीत अळीव उगवत नाहीत, म्हणून सुपरमार्केटमधली क्रेस, म्हणजे तयार उगवलेले अळीवच, आणून उतारावर लावतात. सून म्हणून मी कुरकुर करायला हवी, पण मला या बाईचा भारी अभिमान आहे.

हे वेड लहानपणच्या रागातून आलेलं. साताऱ्याला भाऊ किल्ला करायचे आणि यांना एकच काम असायचं: "वैजू, माती आण. चाळून आण." बांधायला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. दादाने एकदा तरी आपला किल्ला पाहावा आणि त्याला किल्ला म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

२००६ साली ते दादा, म्हणजे विष्णुमामा, आमच्याकडे आले. येताना स्वेटरमध्ये गुंडाळून किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं घेऊन आले. सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं जर्मनीला मोझेल नदीकाठचा एक किल्ला पाहायला गेलो. बस वरपर्यंत जात होती, पण गड बसने चढायचा नसतो यावर भावंडांचं एकमत. माझे पाय कामातून गेले.

वर तिकीट, केकचं दुकान आणि दिवाणखान्याची लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता. मामा नाक मुरडून म्हणाले, "हा किल्ला नव्हे, शोकेस आहे."

मग गाइडने इतिहास सांगितला. सतराव्या शतकात, युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात, इथला उमराव लढाईवर होता. शत्रूने वेढा घातला, खालून येणारं पाणी तोडलं. उमरावाच्या बायकोने आत खडकात विहीर खणून घेतली आणि हिवाळाभर दरवाजा उघडला नाही. पुढे फ्रेंचांनी सुरुंग लावून एक बुरूज उडवला, पण तिच्या हयातीत गड पडला नाही. मामा विहिरीत वाकून बघत राहिले. सासूबाई मात्र त्या बाईच्या तसबिरीसमोरून हलेनात.

दिवाळीला त्यांनी तोच किल्ला केला. मामा खुर्ची टाकून बघत होते. चित्रं मांडायची वेळ आली. महाराज, मावळे, वाघ, भाजीवाला. बायकांमध्ये एकटी गवळण. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरचा हंडा अलगद मोडला आणि तिला उचलून थेट वर बसवलं.

"अगं वैजू, वर महाराज असतात," मामा म्हणाले.

"आपल्या गडावर, दादा. हा गड हिने राखलाय. महाराज आले असते तर आधी निरोप पाठवला असता." त्यांनी महाराजांना पायथ्याशी, दरवाजासमोर, पाहुण्यासारखं मानाने बसवलं.

मी म्हटलं, आता भांडण होणार. आदल्या दिवशीच्या पावसाने दरवाजाजवळचा बुरूज खचला होता, तिकडे मामांचं लक्ष गेलं. मग ते उठले, बाह्या वर केल्या आणि बादली घेतली.

"तुझ्या किल्ल्याचा हा बुरूज सावरायला हवा, वैजू. माती कुठे ठेवलीयेस?"

"शेडच्या मागे," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "चाळून आण."

मामांनी चाळून आणली.