अब्राक्सस आणि तापाचा दोरा

अब्राक्सस या शब्दाची नोंद मी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा संपादकांनी ती परत पाठवली. लांबली, असं त्यांचं म्हणणं. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला दीडशे शब्दांत गप्प बसायला सांगणं हा तिचा छळच आहे, पण ते त्यांना कोण सांगणार? निवृत्त झाल्यावर मी एका मराठी कोशासाठी नोंदी लिहायचं काम घेतलं होतं. माझ्या वाट्याला जुने धर्मपंथ आणि त्यांचे शब्द आले. बाकीचे शब्द निमूट बसले. हा एकच अडून राहिला, कारण तो लिहायला घेतला त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याला रोज संध्याकाळी ताप यायला लागला.

शब्द फार जुना. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, ख्रिस्ती धर्म अजून कोवळा होता तेव्हा, काही गूढवादी पंथ होते. ज्याला खरं ज्ञान झालं तोच सुटला, असं ते मानत. म्हणून त्यांना ज्ञानवादी म्हणायचं. ग्रीक नाव नॉस्टिक. त्यांच्यातल्या एका पंथाने सगळ्या आकाशांच्या वर बसलेल्या सत्तेला हे नाव दिलं. ग्रीक लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि या शब्दातल्या सात अक्षरांची बेरीज येते तीनशे पासष्ट. वर्षाचे दिवस तेवढे, आणि त्यांच्या मते आकाशंही तेवढीच. आपल्याकडे रिक्षाच्या काचेवर ७८६ लिहिलेलं असतं, तेही असंच, बिस्मिल्लाच्या अक्षरांच्या बेरजेतून आलेलं आहे. आमच्या शहरात वाढलेल्या माणसाला हे समजायला जड नाही. तरी मी ते भाजीवाल्यालाही समजावून सांगितलं होतं.

हे लोक तो शब्द रंगीत खड्यांवर कोरून गळ्यात घालत. खड्यावर एक विचित्र आकृती असे: डोकं कोंबड्याचं, धड माणसाचं, पायांच्या जागी दोन साप, एका हातात चाबूक, दुसऱ्यात ढाल. शाळेतल्या जादूच्या प्रयोगात पोरं ओरडतात ते ‘आब्रा का डाब्रा’ याच शब्दातून आलं, असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात, मुळीच नाही. पण त्या दुसऱ्या शब्दाचा पहिला उपयोग मात्र जादूचा नव्हे, तापाचा. एका रोमन वैद्याने लिहून ठेवलंय की हा शब्द कागदावर लिहावा, खालच्या ओळीत एक अक्षर कमी करून पुन्हा लिहावा, असं करत शेवटी एकच अक्षर उरू द्यावं, आणि तो कागद रोग्याच्या गळ्यात बांधावा. अक्षरं उतरतात तसा ताप उतरतो. पुढे कुणीतरी यात भर घातली, की नऊ दिवसांनी तो कागद सूर्य उगवायच्या आत पूर्वेला वाहणाऱ्या ओढ्यात टाकायचा.

हे सगळं मी रोज जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायची. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातले. आमच्या माहेरी पोथ्या होत्या, त्यांच्याकडे बैल. लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे लोक रुसले आणि यथावकाश हसलेही. ते बोलायचे कमी. मी जगातलं काहीही सांगितलं की ते ‘हं’ म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे. शाळा सुटल्यावर माझा हा एकच विद्यार्थी उरला होता आणि तो कधी वर्ग सोडून गेला नाही.

ताप आधी टायफॉइडचा ठरला, मग मलेरियाचा. मग हाडातून मगज काढून तपासला आणि रक्ताचा आजार निघाला. औषधं सुरू झाली. आमचं घर पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला. एप्रिलच्या उन्हात रस्ता तापून निघायचा आणि संध्याकाळी पाच वाजले की हा माणूस स्वेटर घालून, त्यावर रजई घेऊन कुडकुडत बसायचा. मी त्यांच्या पायांवर बसायची, म्हणजे थरथर कमी होईल असं मला वाटायचं. कमी होत नव्हती.

त्यांची मोठी बहीण लासूरला. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. नवऱ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा आक्कांनीच या धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं. स्वतःच्या लग्नातही तो त्यांच्या मांडीवर झोपला होता म्हणे. आक्का रोज फोन करायच्या आणि रोज एकच सांगायच्या, की खुलताबादला एक म्हातारे बाबा तापाचा दोरा देतात, मी घेऊन येते. मी रोज त्यांना फोनवर विज्ञान शिकवायची. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी कधी वाद घातला नाही, ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या.

मग एके दिवशी दुपारी नवरा म्हणाला, “आक्का म्हणते तो दोरा आणू दे की.”

मी चकित झाले. ऑफिसच्या दाराला लटकवलेली लिंबू-मिरची काढून जेवणात खाणारा हा माणूस. मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? आणि मग जे करायला नको होतं तेच केलं. खड्यांपासून सुरुवात केली आणि रोमन वैद्यापर्यंत आले. माणूस घाबरला की अक्षरांना आणि गाठींना कसा शरण जातो, हे मी त्या घाबरलेल्या माणसाला चांगली वीस मिनिटं सांगितलं. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

ते ऐकून घेऊन म्हणाले, “दोऱ्याने काय होतं ते मला कळतं गं. तिला काहीतरी करू दे. आणि बांधायचा तूच.”

दोऱ्याचे नियम होते. तो हातात पडल्यापासून रोग्याच्या घरी पोचेपर्यंत आणणाऱ्याने कुणाशी एक शब्दही बोलायचा नाही. पुढे घरातल्या बाईने तो पहाटे, उजाडायच्या आत, उठल्यापासून तोंडातून अवाक्षर न काढता बांधायचा. सात गाठी. बोललं तर उतरलेला ताप परत फिरतो. आक्का खुलताबादहून बसने आल्या, दारात उभ्या राहिल्या. मी या म्हटलं तरी गप्प. कागदाची पुडी माझ्या हातात दिली आणि मगच म्हणाल्या, “आता पानी दे.” भावाजवळ जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, नियम मला दोनदा समजावले आणि संध्याकाळच्या आत लासूरला परत गेल्या, कारण सुनेचे दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. ते जागेच होते. मी बोटाने ओठांवर खूण केली तसे ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. उशीला टेकून बसले आणि उजवा हात पुढे केला. दंड इतका बारीक झाला होता की दोरा दोनदा गुंडाळूनही सैल पडत होता. मी पहिली गाठ मारली. दुसरी मारली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. तिसऱ्या गाठीला त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आजारातला ताण कुठेतरी सुटला. मी इतकी वर्षं त्यांच्यासाठी जे काही केलं ते बडबडत केलं होतं. ती पहिलीच वेळ होती की मी फक्त हाताने काहीतरी करत होते, आणि त्यांना ते हवं होतं.

चौथी गाठ मारताना मला खिडकीतून उजाडायला आलेलं दिसलं, आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. सूर्य उगवायच्या आत. तोच नियम. त्या कागदाचा ओढा आणि खुलताबादच्या बाबांचा दोरा, दोन्हींना वेळ एकच. मला इतका आनंद झाला, की काय सांगू.

मी म्हटलं, “अहो, गंमत बघा, तिकडेही पहाटेचीच अट होती.”

जित्याची खोड, दुसरं काय. बोलून गेल्यावर मी तोंडावर हात मारला. त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत राहिले आणि ‘हं’ म्हणाले. मग म्हणाले, “राहिलेल्या गाठी मार. आक्काला सांगू नको.” मी उरलेल्या तीन गाठी मारल्या. त्यांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत.

त्यानंतर दोन दिवस ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी पाच वाजता आला आणि मग गेलाच नाही. दीड महिन्याने ते गेले. दोऱ्याचा आणि याचा काही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, डॉक्टरांनी मला आकडे दाखवून समजावलं होतं. पण मला त्या दोऱ्याचं दुःख नाही. त्यांनी मागून मागून माझ्याकडे दहा मिनिटांची शांतता मागितली आणि मला तीही देता आली नाही, याचं आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. आक्का आणि मी मागच्या खोलीत त्यांचे कपडे घड्या करत बसलो होतो. आक्कांनी एक सदरा मांडीवर घेतला आणि खाली मान घालूनच विचारलं, “खरं सांग. दोरा बांधताना तू बोलली व्हतीस का?”

मी म्हटलं, “नाही आक्का. एक शब्द नाही.”

नवऱ्याचं ऐकलं, असं मी स्वतःला पुढे सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते. ज्या बाईने त्यांना वाढवलं तिने मला दोषी धरावं, ही कल्पना मला सोसवेना. वाटलं, नाही म्हटल्यावर त्या सुस्कारा टाकतील आणि विषय संपेल.

आक्का बराच वेळ सदऱ्याची बटणं लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग माझ्यानंच झालं.”

त्यांनी बसमध्ये कंडक्टरशी बोलावं लागू नये म्हणून नातीकडून चिठ्ठीवर ‘पडेगाव’ लिहून घेतलं होतं. कंडक्टरचं निभावलं. पण दौलताबादला गावाकडची एक बाई चढली, शेजारी बसली आणि तिने विचारलं, भाऊ कसा हाय? आक्का म्हणाल्या, “मी म्हनलं, बरा हाय. तेवढंच. तोंडातून गेलंच माज्या.”

मी लगेच सुरू झाले. रक्ताचा आजार, डॉक्टर, आकडे. बोलण्या-न बोलण्याने काही होत नसतं, हे मी तीन प्रकारे सांगितलं. आक्कांनी सवयीप्रमाणे ऐकून घेतलं. “तू शिकलेली. तुला ठावं असंल,” त्या म्हणाल्या. “मला येक तास तोंड बंद ठेवायचं व्हतं. तेवढंच काम व्हतं मला.” तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. एरवी न विचारता बोलणारी मी, त्या दिवशी ते एक वाक्य सोडून सगळं बोलले.

नोंद चौथ्यांदा लिहिली ती शंभर शब्दांत बसली. आधुनिक उपयोग म्हणून मी लिहिलं, की हा शब्द आता गाण्यांच्या तबकड्यांवर, संगणकाच्या खेळांत, अंगठ्या विकणाऱ्यांच्या जाहिरातींत सापडतो आणि तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा अर्थ माहीत नसतो. तापाचं काहीच घातलं नाही. संपादकांनी प्रथमच कौतुक केलं.

वर्षभराने आक्कांच्या सुनेने फोनवर सांगितलं, की आत्याबाई सकाळी ऊन वर येईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. भाऊ गेल्यापासूनचं आहे. बाळ रडलं तरी हाक मारत नाहीत, उठून घेतात. सुनेला ते व्रत वाटत होतं. मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीने लासूरला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का अंगणात बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या बोलणार नव्हत्या, म्हणूनच मला धीर झाला असावा. एवढी मी भित्री. मी म्हटलं, “आक्का, मी बोलले होते. चौथ्या गाठीला. तुमच्याशी खोटं बोलले.” सगळं सांगितलं, रोमन वैद्यासकट. आक्का समोर बघत राहिल्या. शेतापलीकडे उजाडलं, बाजार समितीकडे जाणारे ट्रॅक्टर सुरू झाले, अंगणात ऊन आलं. मी त्यांचा हात धरला होता. तो त्यांनी काढून घेतला नाही आणि माझा धरलाही नाही.

मग त्यांनी विचारलं, “त्याला म्हाईत व्हतं?”

“हो. आक्काला सांगू नको, म्हणाले.”

“म्हंजे तुमी दोघं व्हता,” आक्का म्हणाल्या. “मी वरीसभर येकटीच व्हते.”

त्यांनी हात सोडवून घेतला, आत गेल्या आणि चहा करून माझ्यासमोर आणून ठेवला. त्या दिवशी गाडीची वेळ होईपर्यंत त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.