टपाचा बेत

टाकेमास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण? चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेली. रेक्झिन फाटेल पण शिवण उसवणार नाही असा त्यांचा टाका, त्यावरून गिऱ्हाइकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता पाठीला बाक आलाय, सुई रेटून रेटून अंगठ्याला घट्टा पडलाय, आणि बोलणं इतकं तुटक की अजून दातांत दोरा धरलाय की काय असं वाटावं.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी उभी. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, छपराचा कापडी टप मागे पाडता येणारी स्पोर्ट्‌स गाडी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाने ती सीटा शिवायला आणून टाकली. पुढे तो देश सोडून निघाला तेव्हा, तुमच्याकडेच नांदू दे मास्तर, म्हणत कागदपत्रं हातात ठेवून गेला. पहिली चार-पाच वर्षं नवरा-बायको तिच्यातून वाट फुटेल तिकडे हिंडले. मग मुलगी झाली, दोन सीटांत तिघं मावेनात, गाडी शेडमध्ये गेली.

तेव्हापासून मास्तर तिच्यात काय काय बदल करायचे याचा बेत करत आले होते. त्यासाठी एक शंभर पानी वही होती. ब्रेक नवे, स्टिअरिंग हलकं, दिवे मोठे, आणि सगळ्यांत शेवटी, दोनदा अधोरेखित केलेला, नवा टप. टपाचे नमुने तर जाड खाकी कागदावर कापूनसुद्धा ठेवले होते. त्याला अठरा वर्षं झाली. बायको विचारायची, कागदावरची गाडी रस्त्यावर कधी येणार? मास्तर म्हणायचे, होईल. या होईलवर मुलगी शिकली, लग्न होऊन गेली, आणि बायकोचा खुबा झिजला.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची दिली. त्यानंतर बुटक्या सीटवर बसायचं नाव काढायचं नाही, असंही बजावलं. घरी येऊन तिने फाईल कपाटावर ठेवली आणि वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे राहिले असावेत अशा आवाजात म्हणाली, "राहिलंच की ते गाडीचं."

मास्तरांना रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी त्यांनी मेव्हण्याला गाठलं. मेव्हणा वेल्डर, अंगाने आडवा, जिभेने तिखट. दाजींना जाग आली म्हणायची, एवढं ऐकवून तो कामाला लागला. इंजिन सुरू झालं, ब्रेक झाले. राहिली दारं. ती घासायची, उचलून लावावी लागायची. वर छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार दारांखालच्या उंबऱ्यांवर असतो. ते गंजले की सैल झालेल्या बाजेसारखं गाडीचं पोट खाली येतं. मेव्हण्याने पोटाखाली जॅक लावून गाडी सरळ केली, नवे उंबरे वेल्ड केले. दारं एका बोटाने लागायला लागली. मास्तर इतके खूश झाले की त्याच संध्याकाळी खाकी नमुने काढले, जपून ठेवलेला कॅनव्हास पसरला आणि कात्री चालवली. शिवायला अकरा दिवस लागले. चष्मा पुसत, बोटं चोळत, एक एक टाका.

ऑपरेशनला आठ दिवस उरले होते तेव्हा दुपारी त्यांनी टप चढवला. मागची कड बसली, बाजू बसल्या. पुढची कड काचेच्या चौकटीशी येऊन दोन बोटं आधीच थांबली. त्यांनी ओढलं. मेव्हण्यानेही ओढलं. दोन बोटं ती दोन बोटंच.

मास्तर पायरीवर बसले. नमुने घेतले होते पोट सुटलेल्या गाडीवर. आता गाडी ताठ झाली होती आणि काचेची चौकट पुढे सरकली होती. जन्मभर दुकानातल्या पोरांना शिकवलं होतं, कात्रीआधी टेप. पण त्या कागदावर आपल्या तरण्या हाताची खूण होती. तिच्यावर टेप लावावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मेव्हणा प्रथमच जरा नरमला. म्हणाला, दोन बोटांची पट्टी जोडा, कोण बघायला येतंय. मास्तर म्हणाले, मी बघतो ना.

तेवढ्यात काठी टेकत बायको आली. टप पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं, काय झालं ते भावाकडून ऐकून घेतलं. मग कुणाला न विचारता गाडीचं दार उघडलं आणि बसायला वाकली. अर्ध्यावर अडकली. ना खाली जाता येईना, ना वर. दोघांनी बगलेत हात घालून तिला उभं केलं. कपाळावर घाम आला होता.

"कशाला शिवताय टप?" ती दम खात म्हणाली. "मला बसताच येत नाही तिच्यात. एवढी वही भरलीत, मला एकदा तरी विचारलंत? हिंडलो तेव्हा टप कधी लावला होता आपण?"

वहीत ब्रेक होते, दिवे होते, टप होता. तिच्या बसण्याबद्दल एक ओळ नव्हती. सीटा शिवणारा माणूस, आणि सीटच राहिली.

"घरात कुठल्या खुर्चीवरून उठता येतं तुला?"

"स्वयंपाकघरातल्या. तीही ओट्याला धरून."

ते उठून घरात गेले, ती लाकडी खुर्ची उचलून शेडमध्ये आणली. तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. जमिनीपासून फळीपर्यंत टेप लावला. अठरा इंच. मग गाडीची सीट मोजली. बारा. मेव्हण्याने टपाच्या सांगाड्याकडे मान वर करून पाहिलं आणि डोकं हलवलं.

"दाजी, सहा इंच उचललीत तर ताईचं डोकं काचेच्या वर येईल. टप या जन्मात लागणार नाही. आणि दिसेल कसं? पाटावर बसवल्यागत."

"दिसू दे."

"वारा थेट तोंडावर येईल तिच्या."

"चष्मा लावीन," बायको म्हणाली. "तुझ्या वेल्डिंगचा दे."

मास्तरांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचेतो दमलं. त्यांनी टप उतरवला, मांडीवर घेतला आणि पुढच्या कडेची शिवण ब्लेडने उसवू लागले. आपलाच टाका, सहजासहजी सुटेना. सीटला खोळ लागणार होती आणि चांगला कॅनव्हास दुसरा नव्हता.

"खुर्ची राहू दे इथं चार दिवस," ते म्हणाले. "माप लागेल."

"आणि मी कुठं बसू?"

"पलंगावर बस. हाक मार, उठवायला येईन."

वहीत कोरं पान उरलं नव्हतं. त्यांनी खाकी नमुना उलटा केला, खडूने अठरा लिहिलं, आणि कात्री उचलण्याआधी खुर्ची पुन्हा एकदा मोजली.