फुटक्या पेनांचा डबा

भोरला माझ्या शेडमध्ये आम्ही सातजण दर रविवारी लेथवर लाकडी पेनं कातायला जमतो. सगळ्यांत नवीन आहेत विंझरच्या एक ताई. शेती सांभाळून एसटीने येतात. मागच्या महिन्यात त्यांचं तिसरं पेनही, आधीच्या दोन्हींसारखंच, अगदी शेवटी, घासताना चिरलं. त्यांनी लेथ बंद केला आणि पिशवी उचलली.

"दादा, आता मी काय येत न्हाई. तुमच्या ग्रुपवर कुणाचं एक तरी फुटकं पेन दिसतं का? माजाच हात जड हाय."

उगाच कौतुक करणं मला जमत नाही. पण ग्रुपबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं. मोबाईलवर आम्ही फक्त चांगल्या पेनांचे फोटो टाकायचो. मी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून त्यांच्यापुढे उपडा केला. माझ्या पहिल्या चौदा पेनांपैकी अकरा फुटली होती, ती सगळी त्यात होती. प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी बांधलेली. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कारण कळलं नाही'.

ताईंनी नेमकं तेच उचललं. भेगेवरून नख फिरवलं.

"आंब्याचं हाय. वलं लाकूड घेतलंत, वाळताना उललं. येवढं बी कळलं न्हाई व्हय, दादा?"

मी चिठ्ठी दुरुस्त केली. ताई स्वतःच्या फुटक्या पेनाकडे बघत राहिल्या.

"ह्ये बी वलंच हुतं की."

पिशवीतली आधीची दोन काढून त्यांनी आपली तिन्ही फुटकी पेनं डब्यात टाकली. चौदा झाली.

"पुढच्या रविवारी घरची बाभूळ आणते. दोन वर्सं वाळलेली हाय."