खंडेनवमी आणि सायलेन्सरचे नट

आमच्या मुलाचा राग नाकावर असतो. माझ्यावर गेलाय, असं सून म्हणते; म्हणू दे. पण राग घेऊन गाडीखाली आडवं पडू नये, एवढी अक्कल मला तरी आहे.

गाडी ह्यांची. हे गेल्यावर निपाणीचं घर बंद करून मी बंगळुरात व्हाइटफील्डला मुलाकडे आले, तेव्हा भांडी वाटून टाकली, कपाटं देऊन टाकली, गाडी तेवढी आणली. मला चालवता येत नाही. आयुष्यभर मी तिच्या डाव्या सीटवर बसले आणि ह्यांना "हळू, हळू" म्हणत राहिले. आता रविवारी मुलगा मला तिच्यातून के. आर. पुरमच्या बाजारात नेतो, तेवढा वेळ मी माझ्या जागेवर बसते. एरवी सगळा आठवडा मी त्यांच्या घरात असते. त्यात कुणाची चूक नाही, पण खरं ते खरं.

तर या गाडीचा सायलेन्सर सडला. चालू केली की बेसमेंटमध्ये ट्रॅक्टर शिरल्यासारखं वाटायचं. माझं "हळू" मलाच ऐकू येईना. सोसायटीचे चेअरमन एकदा नुसते बघून गेले, दुसऱ्यांदा बोलून गेले. मग मुलगा तावातावाने नवा सायलेन्सर आणि पुढचा पाइप घेऊन आला. "मीच बसवतो आई, व्हिडिओ बघितलाय!"

व्हिडिओतले नट फिरत असतील. आमच्या गाडीचे, इंजिनाला पाइप जोडतात तिथले, गंजून दगड झाले होते. "यातला एक जरी बोल्ट इंजिनाच्या बाजूला मोडला, तर तो भाग आता मिळत नाही," त्याने मला आधीच बजावलं. "मग गाडी सरळ भंगारात. तेव्हा मला काही बोलायचं नाही."

खंडेनवमीची सकाळ होती. मी खुर्ची टाकून गाडीशेजारी बसले होते. पाना घसरला, त्याच्या बोटांची सालटी निघाली. तळमजल्यावरचे रिटायर्ड अण्णा वाकून बघायला आले. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "स्वल्प, थोडा कोला घाला. गंज जातो."

"अण्णा, प्लीज!" गाडीखालून आवाज आला.

मग चिरंजीव बाहेर आले, कुठूनसा हातभर लोखंडी पाइप पैदा केला आणि जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यात अडकवला. "आता बघतोच कसा निघत नाही!"

मोडणार, नक्की मोडणार. लहानपणी चावीची खेळणी यानेच अशी मोडली होती.

"पाने दे इकडे," मी म्हणाले.

"कशाला?"

"खंडेनवमी आहे. पूजेला मांडायचेत."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला मांडू?"

पाने, हातोडी, तो मेला पाइपसुद्धा, सगळं पिशवीत भरलं आणि लिफ्ट गाठली. मागून इंग्रजीत काहीतरी ऐकू आलं. मला इंग्रजी बेताचंच येतं, हे किती बरं आहे.

वर पाटावर पाने मांडले, शेजारी विळी, कात्री. हळदकुंकू वाहत होते तेवढ्यात सुनेने आपला लॅपटॉप आणून ठेवला. "आई, हेपण हत्यारच ना?" संध्याकाळी तिचा ऑफिसचा कॉल होता.

"हत्यारच. पोटापाण्याचं."

तिने लगेच ऑफिसला तसं कळवून टाकलं आणि पाय वर घेऊन बसली. ही पोरगी मला त्या दिवशी फार आवडली.

मुलगा ग्रीसने काळं झालेलं तोंड घेऊन वर आला. "आई, एकच पाना घेतो."

"पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीने. जा, तिच्याशी भांड."

आजी वारून कितीतरी वर्षं झाली.

मग गाडीची पूजा. चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडायची, म्हणजे गाडी चालू करणं आलंच. सगळं बेसमेंट दणाणलं. अण्णा तेवढे "सरी, सरी!" म्हणजे बरोबर, बरोबर म्हणत उत्साहाने हात हलवत होते.

"आता तू आणलेला तो गंज सोडवायचा स्प्रे मार," मी म्हणाले.

"तो हत्यार नाही वाटतं?"

"तो डबा आहे. तेलाचा डबा मी कधी पूजेला मांडलाय?"

"पाइप तापलाय आई, पेट घेईल."

"मग कोमट होऊ दे. विरजण लावतो तसं."

त्याला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. हातात पाना नाही, ऑफिसला सुट्टी. करणार काय बिचारा? दिवसभर उठून उठून खाली जायचा आणि स्प्रे मारून यायचा. मला यातलं काही कळत होतं असं मुळीच नाही. मला फक्त तो हातभर लोखंडी पाइप त्याच्या हातातून काढून घ्यायचा होता.

दसऱ्याला सकाळी अक्षता टाकून मी पाने हलवले. हळद लागलेला पाना घेऊन तो खाली गेला, मागोमाग मी, माझी खुर्ची आणि आमचे अण्णा. मोडला तर अण्णांसमोर रडायचं नाही, असं मी लिफ्टमध्येच ठरवलं होतं.

खालून 'कट्' आवाज आला. मग काहीच नाही.

"मोडला?"

मी खुर्चीवरून उठून गाडीखाली वाकले.

"अरे बोल की मेल्या! मोडला का?"

"फिरला," तो हळूच म्हणाला. आणि मग ओरडलाच, "फिरला, आई!"

बाकीच्या नटांनी दुपारपर्यंत छळलं, पण निघाले. तापून गार होताना तेल आत शिरलं, असं मुलाचं म्हणणं. मी म्हटलं, देवी पावली. अण्णा म्हणाले, "काल संध्याकाळी मी स्वल्प कोला घातला." त्यांना कुणी विचारलं होतं, देव जाणे.

नवा पाइप चढला. नवे नट लावताना तो आट्यांना कसलासा तांबूस मलम फासत होता.

"हे काय?"

"पेस्ट. पुढच्या वेळी सहज निघतील."

"पुढच्या वेळी?"

"मग? हा सायलेन्सर काय जन्मभर पुरणार आहे?"

मी पदराने घाम पुसला, घामच म्हणायचं. "आधी हात धू," मी खेकसले, "आणि मला सोनं द्यायला अण्णांकडे नको, बाहेर कुठेतरी ने."

डाव्या सीटवर जाऊन बसले. गाडी चालू झाली हे मला काटा हलला तेव्हा कळलं. फाटकापाशी त्याने वळण जरा जोरातच घेतलं.

"हळू," मी म्हणाले.

"हो गं," तो म्हणाला, "आलं ऐकू."